बॅटरीची नोंदवही

स्मरणिकेच्या पानांवर साधारणतः शाळेच्या वाटचालीचा आढावा, दात्यांची नामावली आणि माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी येतात. आम्ही येथे जिन्याखालच्या त्या कोपऱ्याविषयी लिहिणार आहोत, जेथे इन्व्हर्टर आणि त्याच्या बॅटऱ्या ठेवलेल्या असतात. निवासी शाळेच्या दृष्टीने हा विषय किरकोळ नाही. घरी अभ्यासाला जागा नाही म्हणून ज्या पालकांनी आपले मूल वसतिगृहात ठेवले, त्यांनी त्याच्या रात्रीच्या अभ्यासाची जबाबदारी आपल्यावर सोपविली आहे. ऐन दहावीच्या परीक्षेत वीज जावी आणि अर्ध्या तासात दिवेही मंदावावेत, तर ती जबाबदारी आपण पार पाडली असे म्हणता येणार नाही. सधन घरातील विद्यार्थी तीच प्रश्नपत्रिका सोडविणार असतो; त्याच्या टेबलावरचा दिवा मात्र विझलेला नसतो.

विजेचा प्रश्न आपल्याला नवा नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खात्याचे सदस्य होते आणि विद्युतशक्तीचा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. १९४३ साली विद्युतशक्तीविषयक धोरण समितीपुढे बोलताना, वीज स्वस्त व मुबलक मिळाल्याशिवाय देशाचे औद्योगिकीकरण होणार नाही आणि जनतेची दारिद्र्यातून सुटका होणार नाही, असा विचार त्यांनी मांडला होता. धोरण दिल्लीत ठरते. दिवा शेवटी वसतिगृहाच्या खोलीत लागावा लागतो. त्या शेवटच्या टप्प्याची काळजी आपणच घ्यावयाची आहे.

आमचे म्हणणे असे की, आपल्या संस्थांमध्ये वस्तू देण्याचा सोहळा होतो. दिलेल्या वस्तूची परीक्षा कोणी घेत नाही. बॅटरीवर दात्याचे नाव रंगविलेले असते, पण ती कधी बसविली, नवी असताना किती वेळ चालली, याची नोंद कोठेही सापडत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला आरंभीचे साधन नसेल तर पुढील बदल सांगता येत नाही. बॅटरीचेही तसेच आहे.

इन्व्हर्टरवरचा हिरवा दिवा लागला म्हणजे बॅटरी उत्तम, हा समज चुकीचा आहे. फ्रान्समधील गॅस्टन प्लाँते यांनी १८५९ मध्ये शिसे व आम्ल यांची जी पुन्हा भरता येणारी बॅटरी बनविली, तिचेच तत्त्व आजही आपल्या जिन्याखाली काम करीत असते. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. पूर्ण भरून काही तास स्वस्थ ठेवलेली बॅटरी १२.६ व्होल्ट किंवा थोडा अधिक दाब दाखविते. परंतु जीर्ण बॅटरीही हाच आकडा दाखवू शकते. तिची साठवणक्षमता घटलेली असल्याने ती लवकर ‘भरते’ आणि भार पडताच खाली येते. म्हणून खरी चाचणी भाराखालीच घ्यावी लागते.

एक हिशेब पाहू. १५० अँपिअर-तासांच्या एका बॅटरीवर २० वॅटच्या २० नळ्या लावल्या, तर भार ४०० वॅट होतो. इन्व्हर्टरमधील घट धरता बॅटरीतून सुमारे ५०० वॅट, म्हणजे ४० अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह घेतला जातो. कागदावर साडेतीन तास येतात. प्रत्यक्षात प्रवाह जितका मोठा तितकी उपलब्ध क्षमता कमी, त्यामुळे अडीच तास मिळाले तरी ते योग्यच समजावे. नवी बॅटरी बसविल्यावर हीच वेळ मोजून लिहून ठेवावी. पुढे दर तीन महिन्यांनी मुख्य वीजपुरवठा बंद करून तोच भार लावावा, दर पंधरा मिनिटांनी व्होल्टेज नोंदवावे, १०.५ व्होल्टच्या खाली जाऊ न देता चाचणी थांबवावी आणि बॅटरी लगेच पुन्हा भरावी. क्षमता मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली की बॅटरी बदलावी, हा अभियंत्यांचा रूढ संकेत आहे. परीक्षा जानेवारीआधी घेतली, तर मार्चची रात्र अंधारात जाणार नाही.

उरलेली देखभाल साधी आहे. पाण्याची पातळी दरमहा पाहावी आणि बॅटरीचे शुद्ध पाणीच घालावे. नळाचे पाणी किंवा आम्ल कधीही घालू नये. हायड्रोमीटरने प्रत्येक कप्पा तपासावा. एखादा कप्पा इतरांपेक्षा ०.०५० ने मागे असेल तर तो दोष मानावा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड पुसून व्हॅसलीन लावावे. चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जागा हवेशीर असावी आणि जवळ ज्योत नसावी. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत बॅटरी ठेवणे म्हणजे तिचे आयुष्य आपल्या हाताने कमी करणे होय. संगणक कक्षातील यूपीएसच्या बंद बॅटऱ्यांत पाणी घालता येत नाही. त्यांची चाचणी काम जतन करून, भिंतीवरील स्विच बंद करूनच घ्यावी.

काहीजण म्हणतील, वार्षिक कराराचा माणूस येतोच. तो येतो, पाणी घालतो आणि जातो. दोन भेटींमधल्या रात्री मात्र मुलांच्या असतात. म्हणून नोंदवही शाळेचीच हवी. चष्मा व हातमोजे घालून आम्लाजवळ जाण्याचे काम कर्मचाऱ्याचे. आकडे लिहिण्याचे आणि आलेख काढण्याचे काम नववीच्या विद्यार्थ्यांना विज्ञान शिक्षकांच्या देखरेखीखाली द्यावे. विजेचा धडा त्यांना यातून पुस्तकाबाहेर समजेल.

माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. आपली तुकडी शाळेला कोणतेही यंत्र देईल, तेव्हा त्याच्या किमतीच्या दहाव्या भागाइतकी रक्कम देखभालीसाठी वेगळी ठेवावी. पालक बंधू-भगिनींनी वार्षिक सभेत निकालाबरोबर ही नोंदवहीही मागावी. आणि निकामी बॅटरी भंगारवाल्याला न देता, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार विक्रेत्याकडे किंवा अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडे परत करावी. उघड्यावर वितळविलेले शिसे अखेर कोणत्या तरी वस्तीतील लहान मुलांच्याच रक्तात जाते, आणि त्या वस्त्या कोणाच्या असतात, हे आपणांस ठाऊक आहे.