नवी कचेरी, नवे यंत्र आणि जुना कारकून

तालुक्याच्या गावी जुनी कचेरी नव्या इमारतीत हलते तेव्हा समारंभ थाटात होतो. फीत कापली जाते, कोनशिलेचे अनावरण होते, टेबलांवर मांडलेल्या संगणकांसमोर मान्यवरांची छायाचित्रे निघतात. दुसऱ्या दिवशी त्या टेबलापाशी येऊन बसणाऱ्या कारकुनाचा विचार मात्र कोणी केलेला नसतो. जुन्या जागेत कोणती नोंदवही कोणत्या कपाटात आहे हे तो डोळे मिटून सांगत असे. नव्या जागी दप्तराचे गठ्ठे जिन्याखाली पडलेले असतात, आणि छपाईयंत्राची शाई संपली तर ती कोणाकडे मागावयाची हेही ठाऊक नसते. बाहेर रांग मात्र पहिल्या दिवसापासून लागते. वीस-पंचवीस वर्षांच्या अनुभवाने आलेला अधिकार एका सकाळीत निकामी होतो. पन्नाशीच्या माणसाला काल लागलेल्या पोराला 'आता कोणते बटण दाबू?' असे विचारावे लागते. त्यात कमीपणा काहीच नाही. पण तेवढे विचारण्याचीही सवड त्याला दिली जात नाही, हा अन्याय आहे.

कामगार चळवळीने संगणकास विरोध केला म्हणून आजही तिची कुचेष्टा होते. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाचे कर्मचारी लढले ते नोकऱ्यांच्या काळजीने. त्या काळजीची दखल सरकारलाही घ्यावी लागली. स्वयंचलनाच्या प्रश्नावर प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली व तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. पुढे १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी व्यवस्थापनांशी यांत्रिकीकरणाचा करार केला. यंत्रे कोणत्या मर्यादेत यावीत आणि ती चालविणाऱ्यास काय मिळावे, हे दोन्ही बाजूंनी बसून ठरविले. त्या कराराच्या तरतुदींविषयी मतभेद असू शकतात. पण यंत्र येण्यापूर्वी कामगारास विचारले गेले, हे नाकारता येणार नाही.

आज हे कोण विचारतो? सात-बाराचे संगणकीकरण घ्या. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला, आणि शेतकऱ्याची एक खेप वाचली, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. परंतु हस्तलिखित उताऱ्यांचा संगणकावरील नोंदींशी मेळ घालण्याचे काम तलाठ्यांच्या गळ्यात पडले. दिवसा सर्व्हर चालेना म्हणून कित्येकांनी रात्री जागविल्या. त्या जागरणाची नोंद कोणत्याही हजेरीपटावर नाही. टंकनात एखादे नाव चुकले, क्षेत्राचा एखादा आकडा हलला, तर दुरुस्तीसाठी जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदाराचा आदेश लागतो. चूक क्षणाची, दुरुस्ती महिन्यांची! खरिपाच्या तोंडावर पीककर्ज अडलेला शेतकरी संतापतो तो समोर बसलेल्या तलाठ्यावर. प्रणाली आखणारे त्याला कधी दिसतच नाहीत.

ग्रामपंचायतींत तर विपरीतच चित्र आहे. तेथे यंत्र जाणणाऱ्या संगणक परिचालकास वर्षानुवर्षे तुटपुंज्या मानधनावर कंत्राटी ठेवले गेले. ज्याला नोकरीची शाश्वती त्याला यंत्र येत नाही, आणि ज्याला यंत्र येते त्याला शाश्वती नाही. अशा दोघांनी एकमेकांस शिकवावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची?

२०२१ मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन निकृष्ट, त्यांची क्षमता अपुरी, आणि माहिती भरावयाची ती इंग्रजीत, ही त्यांची तक्रार होती. त्यांना कोणी यंत्रद्वेष्ट्या म्हणू धजले नाही, कारण काम करण्यास त्या तयारच होत्या. काम होईल असे साधन मागत होत्या.

कर्मचारी संघटनांच्या मागणीपत्रकांत हा विषय भत्त्यांच्या यादीखाली कोठेतरी एका ओळीत येतो. तो वर आला पाहिजे. यंत्र शिकण्याचा वेळ कामाचाच वेळ मानला जावा. प्रणाली मराठीत असावी. नवी व्यवस्था नीट चालू लागेपर्यंत जुनी नोंदवही बंद करू नये, आणि त्या मुदतीत झालेल्या विलंबाबद्दल कनिष्ठ कर्मचाऱ्यावर नोटीस बजावू नये. पुढील कचेरीची कोनशिला बसण्यापूर्वी एवढे लेखी मागून घेणे संघटनांच्या हाती आहे.