पान्हा कुणी आटवला?

दर वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जागतिक स्तनपान सप्ताह पाळला जातो. १९९२ पासूनचा हा प्रघात आहे. सरकारी दवाखान्यांच्या भिंतींवर फलक लागतात, आईच्या दुधाची महती सांगणारी भाषणे होतात आणि पहिले सहा महिने बाळाला अंगावरच्या दुधाखेरीज पाण्याचा थेंबही देऊ नये, हा उपदेश पुन्हा एकदा केला जातो. उपदेशात चूक काही नाही. परंतु ज्या स्त्रीच्या छातीवर शस्त्रक्रियेचा व्रण आहे तिने काय करावे, हे त्या फलकावर नसते. स्तनातले गळू कापून काढलेली, गाठ काढलेली, कर्करोगातून वाचलेली, मानपाठीच्या दुखण्यापायी स्तनांचा भार कमी करून घेतलेली अशी स्त्री बाळंत होते, तेव्हा तिच्या वाट्याला बहुधा दोनच उत्तरे येतात. ‘आता तुला दूध कुठले यायला? वरचे सुरू कर,’ हे एक. आणि ‘मनापासून पाजलेस तर येईल,’ हे दुसरे. पहिल्यात घाई आहे, दुसऱ्यात भाबडेपणा आहे. दोन्ही उत्तरे देणारा मात्र आपल्या जबाबदारीतून मोकळा होतो.

मराठी भाषेने ‘दूध’ आणि ‘पान्हा’ हे दोन शब्द वेगळे राखले आहेत. या प्रश्नाची उकल त्या भेदातच दडलेली आहे. दूध ग्रंथींमध्ये तयार होते आणि वाहिन्यांवाटे स्तनाग्रापर्यंत येते. पण ते वाहू लागण्यासाठी बाळाच्या चोखण्याची वर्दी आईच्या मेंदूला मिळावी लागते. ही वर्दी नसा पोचवतात. ती मिळाली की प्रोलॅक्टिन हे संप्रेरक दूध तयार करवते आणि ऑक्सिटोसिन ते बाहेर लोटते. हाच पान्हा. शस्त्रक्रियेत ग्रंथी गेल्या तर दूध कमी तयार होते, वाहिन्या तुटल्या तर तयार झालेल्या दुधाची वाट बंद होते आणि नस तुटली तर दूध असूनही पान्हा फुटत नाही. स्तनाग्राला संवेदना देणारी मुख्य नस चौथ्या बरगडीच्या पातळीवरून, बाहेरच्या बाजूने येते. म्हणून स्तनाग्राभोवतालच्या काळसर वर्तुळाच्या कडेने, विशेषतः खालच्या व बाहेरच्या अंगाला घेतलेला छेद पुढच्या स्तनपानाला अधिक घातक ठरतो. त्यापासून दूर घेतलेला छेद पुष्कळ वाचवतो. पुढे पान्हा फुटणार की नाही, हे अशा रीतीने सुरी कोठून फिरली यावर ठरते, आणि सुरी स्त्रीच्या हाती नसते.

गळवाचे उदाहरण घ्यावे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बाळ नीट धरले न गेल्याने वा पाजण्यात फार अंतर पडल्याने दूध साचते, स्तन दगडासारखा होतो, ताप चढतो. वेळीच इलाज झाला नाही तर पू होतो. मग तो कापला जातो आणि बरोबरीने पुष्कळदा दूध बंद करण्याच्या गोळ्याही लिहून दिल्या जातात. आजचे वैद्यकशास्त्र याहून वेगळे सांगते. सोनोग्राफीच्या आधाराने सुईने पू काढून घेणे व योग्य प्रतिजैविक देणे हे बहुतेक गळवांना पुरेसे होते. कापण्याची वेळ आलीच तरी दुसऱ्या बाजूला पाजणे थांबवण्याचे कारण नसते. दुखऱ्या बाजूचे दूधही पाजून किंवा पिळून काढत राहिले पाहिजे, नाहीतर दुखणे वाढते. जखमेतून दूध पाझरेल ही भीती अगदीच खोटी नाही. क्वचित तसे होते, पण यथावकाश ते बहुधा भरूनही येते. सुई, सोनोग्राफीचे यंत्र आणि ते वापरणारा हात जिथे वेळेवर मिळत नाही तिथे सुरी चालते. शहरातल्या पैसेवाल्या बाईचा स्तन सुईवर वाचतो आणि खेड्यातल्या मजूर बाईचा कापला जातो, यात निसर्गाचा दोष कोणता?

गाठीची गोष्ट निराळी आणि अधिक आपल्या समाजाची आहे. तरुण वयात स्तनात होणाऱ्या गाठी बहुधा साध्या, निरुपद्रवी असतात. त्या काढल्या जातात त्या पुष्कळदा लग्नाआधी. घरचे लोक ती गोष्ट झाकून ठेवतात, कारण ‘छातीचे ऑपरेशन झालेली मुलगी’ हे वाक्य स्थळ मोडायला पुरेसे असते. शस्त्रक्रियेचे कागद माहेरच्या पेटीत राहतात, व्रण पदराखाली राहतो. चार वर्षांनी तीच मुलगी सासरच्या गावी बाळंत होते. बाळ रडत राहते, वजन घटते, सासू म्हणते दृष्ट लागली, शेजारीण म्हणते हिच्या अंगात दूधच नाही. अळिवाची खीर होते, डिंकाचे लाडू होतात. बाळंतिणीच्या पोटाला ते चांगलेच आहेत; पण तुटलेली नस लाडवाने सांधत नाही. खरे कारण एकटीला ठाऊक असते आणि ते बोलण्याची तिला चोरी असते. परिचारिकेने विचारले असते तर ती कदाचित बोललीही असती. विचारले जात नाही.

कर्करोगाच्या बाबतीत क्रम स्पष्ट असला पाहिजे. तिथे आधी स्त्रीचा जीव, मग बाकी सारे. भारतीय स्त्रियांत आज हाच कर्करोग सर्वांत अधिक आढळतो आणि पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत तो सरासरीने लहान वयात गाठतो. म्हणून उपचारानंतर आई होण्याचा प्रश्नही आपल्याकडे अधिक जणींपुढे उभा राहतो. किरणोपचार झालेल्या स्तनात दूध फार थोडे येते किंवा येतच नाही. केमोथेरपी वा टॅमॉक्सिफेनसारखे औषध चालू असताना बाळाला पाजता येत नाही. दोन्ही स्तन काढावे लागले असतील तर अंगावरच्या दुधाचा प्रश्न तिथेच संपतो आणि त्याबद्दल त्या स्त्रीला एका शब्दानेही बोल लावण्याचा कोणाला अधिकार नाही. परंतु एक बाजू शाबूत असेल तर? जुळ्यांची आई दोन लेकरांना एकेका बाजूला पाजून वाढवते. एका लेकराला एक बाजू पुरू शकते, याला याहून निराळा पुरावा नको. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पॉझिटिव्ह’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सुमारे ५०० स्त्रियांनी बाळासाठी संप्रेरकविरोधी औषध वैद्यकीय देखरेखीखाली काही काळ थांबवले. निदान पहिल्या काही वर्षांत तरी त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. असा निर्णय प्रत्येकीचा आणि तिच्या डॉक्टरांचा. पण ‘आता मूल नाही आणि दूधही नाही’ असे सरसकट फर्मान काढण्याचे दिवस गेले आहेत, एवढे निश्चित.

मग करायचे काय? जन्मानंतर पहिल्या तासात बाळ छातीशी द्यावे, दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे, पाजून झाल्यावर हाताने पिळून दूध काढावे. कारण स्तन जितका रिकामा होतो तितके दूध पुन्हा तयार होते. त्याच वेळी बाळाकडे डोळे उघडे ठेवून पाहावे. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा वा अधिक वेळा लघवी होते का, दोन आठवड्यांच्या आत जन्माचे वजन भरून येते का, हे काट्यावर आणि लंगोटावर कळते. आईच्या निष्ठेवरून ते कळत नाही. दूध अपुरे पडत असेल तर वरचे दूध द्यावे लागते आणि ते वेळेवर द्यावे. उपाशी बाळाच्या तोंडापुढे तत्त्वाची भाषणे करणे हा गुन्हाच होय. मात्र ते बाटलीने देऊ नये. वाटी-चमच्याने द्यावे, जुन्या घरांतल्या बोंडल्यासारख्या भांड्याने द्यावे. किंवा वाटीतल्या दुधात नवजात बालकांसाठीच्या बारीक नळीचे एक टोक सोडून दुसरे स्तनाग्रापाशी चिकटवावे. बाळ आईलाच चोखते, नळीतून त्याचे पोट भरते आणि चोखण्याची वर्दी नसांना मिळत राहते. नळी नसेल तर स्तनावर चमच्याने थेंब थेंब दूध सोडूनही हेच साधते. एवढी स्वस्त युक्ती, पण शेजारी बसून शिकवणारे माणूस नसेल तर ती कागदावर राहते.

अशा स्त्रियांत अनेकींना पूर्ण दूध येते, काहींना निम्मे, काहींना चार चमचे. चार चमच्यांना अपयश म्हणण्याची सवय सोडली पाहिजे. त्या चार चमच्यांतही रोगापासून राखणारे घटक असतात. शिवाय वाहिन्या आणि नसा काळाने काही अंशी सांधतात. प्रत्येक गरोदरपणात ग्रंथी नव्याने वाढतात. पहिल्या खेपेला न जमलेले दुसऱ्या खेपेला अधिक जमते, असा पुष्कळ जणींचा अनुभव आहे.

आता प्रश्न वेळेचा. दिवसात बारा वेळा पाजणे, वर दूध पिळणे, नळी लावणे, दर आठवड्याला वजन पाहणे, हे कोण करू शकते? १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा १२ वरून २६ आठवडे झाली, ५० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. पुढे या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेल्या. नोकरदार स्त्रीला त्यांचा आधार आहे. ऊसतोडणीच्या फडात मात्र नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, उचल आधीच फिटायची असते आणि एक दिवस चुकला तर खाडा लागतो. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने मातेला किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. २०१७ पासूनच्या मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ठरले पाच हजार, तेही हप्त्यांनी. एवढ्यात किती दिवसांची मजुरी भरून निघेल, याचा हिशेब कोणत्याही मजूर बाईला तोंडपाठ आहे. धडधाकट बाईचेही दूध या कष्टात आटते. व्रणवाल्या बाईचे काय होत असेल?

जिथे समाज हात आखडता घेतो तिथे बाजार पुढे होतो. भुकटीच्या कंपन्यांच्या जाहिरातबाजीविरुद्ध १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेत आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर झाली तेव्हा ११८ राष्ट्रे बाजूने होती आणि विरोधात एकटी अमेरिका. भारताने १९९२ मध्ये कायदा केला, २००३ मध्ये तो कडक केला. बाळाच्या दुधाच्या डब्याची जाहिरात आपल्याकडे गुन्हा आहे. हे मोठेच यश होय. परंतु ज्या आईला खरोखर दूध नाही तिचा विचार एवढ्याने संपत नाही. डबा महाग म्हणून ती एका चमच्याच्या जागी अर्धा चमचा भुकटी घालते, पाणी उकळायला सरपण नसते, आणि बाळ एक तर कुपोषणाने खंगते किंवा जुलाबाने जाते. वैद्यकीय कारणाने लागणारे वरचे दूध हे औषधच समजावे आणि औषधासारखे तपासून, मोजून, सार्वजनिक दवाखान्यातून द्यावे.

त्याहून उत्तम मार्ग मुंबईने दाखवलेला आहे. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी सुरू झाली. दूध अधिक असलेल्या मातांनी दान केलेले दूध ६२.५ अंश सेल्सियसला ३० मिनिटे तापवून निर्जंतुक केले जाते आणि अपुऱ्या दिवसांच्या, आजारी बाळांना दिले जाते. महानगरपालिकेच्या, म्हणजे लोकांच्या पैशाच्या रुग्णालयात हे उभे राहिले, हे विसरू नये. दूध सर्वांत आधी अशक्त बाळांना, हा पेढीचा क्रम योग्यच आहे. पण पेढ्या वाढल्या, जिल्ह्याजिल्ह्यांत गेल्या, तरच शस्त्रक्रिया झालेल्या आईच्या बाळालाही पहिले काही दिवस त्यातला वाटा मिळू शकेल.

महाराष्ट्राला हिरकणीचे मोठे कौतुक. तान्ह्या बाळाच्या ओढीने रात्री रायगडाचा कडा उतरून गेलेल्या त्या गवळणीचे नाव आज एसटी स्थानकांतल्या कक्षांना दिले जाते. तिच्या धैर्याला वंदन असावेच. पण दरवाजे बंद होते म्हणून तिला कडा उतरावा लागला, हा कथेचा अर्धा भाग कौतुकाच्या भरात विसरला जातो. प्रत्येक आईने कडा उतरून दाखवावा अशी अपेक्षा धरणे हे मातृत्वाचे पूजन नव्हे. तो दरवाजा न उघडण्याचा बहाणा आहे.

दरवाजे उघडायला फार मोठा खजिना लागत नाही. तरुण स्त्रीच्या स्तनावर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी ‘पुढे मूल पाजायचे आहे का’ हे विचारणे आणि रोगाला धक्का न लावता शक्य तिथे छेद दूर घेणे. काय कापले, काय राखले याचा मराठीत लिहिलेला कागद तिच्या हाती देणे. गरोदरपणाच्या नोंदणीत व्रणाची नोंद ठळकपणे होणे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात पाजण्याची अडचण सोडवू शकणारी निदान एक प्रशिक्षित परिचारिका असणे. बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांत आशा कार्यकर्ती ठरलेल्या दिवशी घरी जाते, बाळाचे वजन करते. ‘ताई, छातीवर कधी शस्त्रक्रिया झाली होती का?’ एवढा एक प्रश्न तिने एकांतात विचारला तर कितीतरी जणींचे मौन सुटेल. अर्थात तुटपुंज्या मानधनावर राबवून घेतलेल्या आशांवर आणखी एक काम लादायचे तर त्यांना त्या कामाचा रास्त मोबदलाही द्यावा लागेल. आणि असंघटित कष्टकरी स्त्रीला निदान सहा महिने मजुरीची भरपाई मिळाल्यावाचून बाकी सारे उपाय लंगडेच राहतील.

पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा फलक लागतील. त्या वेळी शस्त्रक्रियागृहे, आरोग्य खाते, कारखान्यांचे मुकादम आणि घरोघरची माणसे यांनी आपापल्या वाट्याचे काम केले की नाही, हे आधी विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत व्रण अंगावर वागवणाऱ्या आईला ‘तुला दूध का येत नाही?’ असे विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही.