आधी पाट, मग पंगत

वर्षभर या पानावर आपण शिलाई यंत्रापासून पाण्याच्या पंपापर्यंत घरातल्या नाना वस्तूंच्या खरेदीची चर्चा केली. दिवाळी अंकाचा विषय मात्र वाचकांनीच दिला आहे. "घरचा संगणक थकला, सुटे भाग आणून नवा जुळवायचा म्हणतो, सुरुवात कुठून करावी?" अशा आशयाची पत्रे बरीच आली. त्याला कारणही आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आणि विंडोज ११च्या अटींत अनेक घरांतली जुनी यंत्रे बसत नाहीत. हातपाय धड असून सक्तीची निवृत्ती, अशी त्यांची गत झाली.

सुरुवात मदरबोर्डपासून करा, हे माझे उत्तर. दुकानात गेले की आपली नजर काचेच्या पेटीवर आणि आतल्या रंगीत दिव्यांवर जाते. पण प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड ही सगळी मंडळी बसणार त्या एका पाटावर. पाट लहान पडला किंवा पाहुण्याला तो चालेना, तर ताटातली जिलबी काय कामाची?

यंदा माझ्या भाचीचा संगणक ठरवताना हे सगळे हिशेब पुन्हा एकदा करावे लागले. ती वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इमारतीची त्रिमिती चित्रे करायची तर घरचे २०१७ सालचे यंत्र घामाघूम होते. ताई पोळी-भाजीचे केंद्र चालवते. तिने एक मुदत ठेव मोडून सत्तर हजार रुपये काढून ठेवले होते. ठेव मोडल्याचे ती बोलली नाही, पण बँकेचे पासबुक टेबलावरच होते आणि भाचीला वाचता येते!

ताईचा पहिला प्रश्न अगदी व्यवहारी होता. "अरे, जुन्यातला फक्त प्रोसेसर बदलला तर?"

प्रश्न सोपा, उत्तर जरा गमतीचे. आमचे जुने यंत्र इंटेलच्या सातव्या पिढीचे. त्याच्या सॉकेटचे नाव एलजीए ११५१, म्हणजे ११५१ पिनांचे. त्याच २०१७ सालात आठवी पिढी आली, तिचाही आकडा ११५१. पण आठव्या पिढीला नव्या ३०० मालिकेच्या चिपसेटचा बोर्ड लागतो. जुन्यात ती बसलेली दिसेल, चालणार मात्र नाही. गोत्र जुळले आणि नाडी अडली, त्यातला प्रकार. म्हणून वाचकहो, नुसता सॉकेटचा आकडा पाहून पैसे मोजू नका. बोर्डाच्या कंपनीच्या यादीत आपल्या प्रोसेसरचे नाव आहे का आणि त्यासाठी बायॉसची कोणती आवृत्ती लागते, हे दोन्ही पाहा.

याउलट एएमडीच्या एएम४ सॉकेटची गोष्ट. २०१७ साली पहिल्या रायझनसाठी घेतलेल्या कित्येक बोर्डांवर २०२२मध्ये बायॉस बदलून रायझन ५००० मालिका बसवता आली. पाट तोच राहिला, पाहुणे बदलले. त्याच २०२२ साली एएम५ हे नवे सॉकेट आले. त्यावर फक्त डीडीआर५ जातीची रॅम चालते.

आमचा पेच नेमका इथेच होता. जुन्या यंत्रात डीडीआर४ जातीची १६ जीबी रॅम शाबूत होती. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींच्या पट्ट्या २८८ पिनांच्याच, पण खाच वेगळ्या जागी आणि विजेची मांडणीही वेगळी. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. त्यात २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले की तूरडाळीने लाजावे. तेव्हा एएम५ घ्यावे, तर पुढे नवा प्रोसेसर टाकायची सोय राहते, पण रॅम नव्याने घ्यावी लागते आणि ग्राफिक्स कार्डाला पैसे उरत नाहीत. एएम४ घ्यावे, तर जुनी रॅम कामी येते, कार्डही बसते, पण त्या घरावर पुढे मोठा मजला चढायचा नाही.

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने अर्थातच सर्वांत महागडा बोर्ड पुढे केला. "पुढच्या दहा वर्षांची चिंता मिटली, साहेब!" ताईचा हात पिशवीकडे गेला. मुलीसाठी घ्यायचे तर चांगलेच घ्यावे, हा तिचा जन्माचा हिशेब. "हवं तर आणखी थोडे काढू," ती हळूच मला म्हणाली. मी दोन्ही बाजू भाचीसमोर मांडल्या आणि गप्प बसलो. काम तिचे, निवडही तिचीच हवी.

ती म्हणाली, "मामा, मला पदवीपर्यंत पुरेल असं हवं. कार्ड आत्ता लागणार आहे, दहा वर्षांनी नाही. पुढचा संगणक मी माझ्या पगारातून घेईन. आईची दुसरी ठेव मोडायची नाही."

ताई काही बोलली नाही. पिशवीची चेन तेवढी तिने ओढून घेतली.

मग आम्ही एएम४चा बी५५० चिपसेटचा मध्यम बोर्ड घेतला. त्याखालचा ए५२० आणखी स्वस्त मिळतो, पण बी५५०वर रायझन ५ ५६०० बसवला की ग्राफिक्स कार्डाला आणि एका एम.२ एसएसडीला पीसीआय एक्सप्रेस ४.०चा रस्ता मिळतो. जुनी रॅम थोडी संथ आहे. पण फुकट आहे! उरलेले पैसे कार्डात गेले, आणि थोडे परत ताईच्या पिशवीत.

आपली निवड वेगळी असू शकेल. घरात जुनी रॅम नसेल आणि यंत्र बरीच वर्षे वाढवत न्यायचे असेल, तर मी एएम५चाच साधा बोर्ड सुचवीन. प्रश्न मात्र सर्वांनी तेच विचारावेत. पेटीत मावेल का? एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स जास्तीत जास्त २४४ बाय २४४. रॅमच्या जागा दोन की चार? एम.२च्या किती? मागच्या बाजूला यूएसबी पुरेसे आहेत का? प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या व्हीआरएमवर उष्णता घालवणारी धातूची पट्टी आहे का? आपल्याकडच्या मे महिन्यात ती पट्टी रंगीत दिव्यांपेक्षा अधिक उपयोगी पडते.

आणखी एक. इंटेलच्या आणि एएम५च्या बोर्डांवर नाजूक पिना सॉकेटमध्येच असतात. त्यावरचे प्लास्टिकचे झाकण जागेवर आहे ना, हे दुकानातच पाहावे, आणि बिलावर बोर्डाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. वाकलेल्या पिनेचा वाद घरी आल्यावर मिटत नाही.

महागडा पाट मांडण्यात मोठेपणा नाही. आपल्या घरी कोण जेवायला येणार आहे, हे ओळखून मांडावा. आमच्या भाचीने ते ओळखले. तिच्या नव्या यंत्रात एकही रंगीत दिवा नाही, आणि दिवाळीला दिव्यांची वाण तशी कुणाच्याच घरी नसते.