निवड कोणाची, पर्याय कोणी ठरविले?

2019 साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. पाहणीत 82 हजारांहून अधिक स्त्रियांची विचारपूस झाली. त्यांपैकी 13 हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. वैद्यकीय व्यवसायातील नफेखोरीची चर्चा त्या वेळी पुष्कळ झाली आणि ती आवश्यकच होती. परंतु या प्रकरणाने अर्थशास्त्राच्या मुळाशी असलेला एक प्रश्नही उघडा केला आहे : माणसाने एखादी गोष्ट 'निवडली' असे आपण केव्हा म्हणावे?

प्रथम व्यवहार पाहू. हंगामापूर्वी मुकादम उचल देतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मजुरी तोडलेल्या उसाच्या टनावर मिळते आणि त्यातून उचल फेडावयाची असते. एखाद्या दिवशी खाडा पडला तर त्या दिवसाची मजुरी बुडतेच, शिवाय दंड उचलीच्या हिशेबात चढतो. फडावर ना आडोसा, ना पुरेसे पाणी. अशा स्थितीत पाळीचे दिवस, अंगावर काढलेला आजार किंवा नवे बाळंतपण म्हणजे वाढणारे कर्ज होय. सर्वच शस्त्रक्रिया याच एका कारणाने झाल्या असे कोणी म्हणणार नाही. तथापि, हा हिशेब डोक्यात ठेवूनच अनेकींनी शस्त्रक्रियेला मान तुकविली, हे नाकारता येणार नाही.

आता पाठ्यपुस्तकाकडे वळू. 1938 साली पॉल सॅम्युएलसन यांनी ज्या विचाराचा पाया घातला, तो पुढे 'प्रकट पसंती' या नावाने रूढ झाला. माणसाच्या मनात काय आहे हे शोधण्याच्या भरीस न पडता त्याने काय निवडले तेवढे पाहावे, आणि निवडींत सुसंगती असली म्हणजे झाले, असा त्याचा आशय. शास्त्रीय पद्धती म्हणून त्याचे मोल आहे. परंतु व्यवहारात त्यावरून सर्रास असे अनुमान काढले जाते की, ज्याने जे निवडले तेच त्याला हवे होते आणि त्यातच त्याचे हित होते. मग बीडच्या त्या स्त्रीविषयी अर्थशास्त्राला बोलण्यासारखे काही उरतच नाही. तिने निवड केली, ती विवेकी होती, विषय संपला!

या अनुमानातील दोष अमर्त्य सेन यांनी 1977 साली 'रॅशनल फूल्स' या निबंधात दाखविला. माणसाचे स्वतःचे सुख, त्याची मूल्ये आणि त्याची प्रत्यक्ष कृती या सर्वांना एकाच पसंतीक्रमात कोंबणारा सिद्धान्त माणसाला मूर्ख ठरवितो, हे त्यांचे म्हणणे. माणसे बांधिलकीपोटी स्वतःच्या सुखाच्या विरुद्धही वागतात. मुलांच्या पोटासाठी आपल्या शरीरावर शस्त्र चालवून घेणाऱ्या स्त्रीच्या कृतीवरून तिचे हित वाचावयास निघणे म्हणूनच चुकीचे आहे. आपण आणखी एक पाऊल पुढे टाकू. निवड ही समोर ठेवलेल्या पर्यायांतूनच होते. ते पर्याय कोणी ठरविले, हा प्रश्न निवडीच्या अगोदरचा आहे, आणि अर्थशास्त्रात नीतीचा प्रवेश येथेच होतो.

येथे आपल्याही विचारातील एक खोट सांगितली पाहिजे. आपल्यापैकी अनेकजण या स्त्रियांना अडाणी, भोळ्या, फसविल्या गेलेल्या ठरवून मोकळे होतात. काहींची फसवणूक झाली असेल. पण हिशेब करणारीला अडाणी म्हणणे हा तिचा दुसरा अपमान होय. तिची बेरीज-वजाबाकी बिनचूक आहे. ज्या दरांनी तिला ती मांडावी लागते, ते दर अन्याय्य आहेत.

हे दर आकाशातून पडलेले नाहीत. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीचा आरंभ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने झाला आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले अध्यक्ष झाले. शेतकऱ्याला बाजारात केवळ 'निवड' करण्याचे स्वातंत्र्य पुरेसे नाही, त्याच्यापुढचे पर्यायच बदलले पाहिजेत, ही त्यामागील दृष्टी होती. ऊस पिकविणारा सभासद झाला. ऊस तोडणारा मात्र मुकादमाच्या वहीतच राहिला. एकासाठी मान्य केलेले तत्त्व दुसऱ्यासाठी का लागू नाही, याचे उत्तर सहकाराच्या धुरीणांनी द्यावयाचे आहे.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन झाले आहे. परंतु कल्याण म्हणजे केवळ अनुदान नव्हे. खाड्याचा दंड बंद करणे, आजारपण व बाळंतपणाची भरपगारी रजा, उचलीचा लेखी हिशेब, कोयत्याच्या हिशेबातून स्त्रीची मजुरी वेगळी काढून तिच्या हाती देणे आणि या साऱ्याची जबाबदारी मुकादमावर न ढकलता कारखान्यावर टाकणे, या मागण्या घेऊन पुढील हंगामाची उचल वाटली जाण्यापूर्वीच कार्यकर्त्यांनी गावोगाव बैठका घ्याव्यात. एकदा उचल घेतली की कोयत्यापुढे बोलण्यासारखे फारसे काही शिल्लक राहत नाही.