जुन्या फोनमध्ये नवी प्रणाली टाकण्याआधी

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न सारखा येतो. ‘फोन अजून चांगला चालतो, काचसुद्धा फुटलेली नाही, पण अ‍ॅप अपडेट होत नाहीत. मुलगा म्हणतो, यात नवे अँड्रॉइड टाकता येते. टाकू द्यावे का?’

टाकता येते, आणि काही वेळा टाकावेही. पण कसे ते सांगण्याआधी आमच्याच घरात काय घडले ते सांगतो. त्यात चूक माझीही आहे.

आमच्या थोरल्या आपाकडे २०१७ साली घेतलेला एक फोन होता. नवा आल्यावर तो कपाटात पडून राहिला. तिचा मुलगा डिप्लोमाला आहे. एका शनिवारी त्याने मला विचारले, “मामू, अम्मीच्या जुन्या फोनमध्ये कस्टम रॉम टाकू का? बॅकअप घेतलाय.” मी एवढेच विचारले, “फोटो सगळे आलेत ना?” तो म्हणाला, “हो, गूगल फोटोजवर आहेत.” मी म्हणालो, “मग कर.”

संध्याकाळपर्यंत फोन नव्यासारखा पळू लागला. चार दिवसांनी आपाचा फोन आला. “त्यातली रेकॉर्डिंग कुठे गेली रे?” अब्बांच्या शेवटच्या वर्षी ती संध्याकाळी त्यांच्या खाटेजवळ फोन ठेवून त्यांना बोलते करायची. त्यांचे बालपण, कोणते कलम कोणी लावले, मोहल्ल्यात कोणाचे घर कुठे होते, असे सगळे. एकूण अकरा रेकॉर्डिंग होती. गूगल फोटोजमध्ये फोटो आणि व्हिडिओ जातात, आवाजाच्या फायली जात नाहीत. भाच्याला ते माहीत नव्हते. मला माहीत होते, पण मी विचारले नाही.

दुरुस्तीच्या दोन दुकानांत दाखवून आलो. दोघांनीही हात वर केले. कारण साधे आहे. अशा फोनमधला मजकूर सांकेतिक रूपात साठवलेला असतो, आणि सगळे पुसताना तो उलगडणारी किल्लीच नष्ट होते. मग आत काही शिल्लक राहिले तरी ते वाचता येत नाही.

हे आहे तरी काय?

अँड्रॉइडचा मूळ आराखडा खुला आहे, कोणालाही घेता येतो. फोन बनवणाऱ्या कंपन्या तो घेऊन त्यावर आपला साज चढवतात. जुन्या फोनना बहुतेक वेळा दोन-तीन वर्षेच अपडेट मिळत. कंपनीने हात काढून घेतला तरी काही जाणकार स्वयंसेवक त्याच फोनसाठी नवी प्रणाली तयार करत राहतात. तिलाच कस्टम रॉम म्हणतात. यात जुने आणि गाजलेले नाव सायनोजेनमॉड. ते २०१६ च्या अखेरीस बंद झाले आणि त्याच कामातून लिनिएजओएस उभे राहिले. आज घरगुती वापरासाठी हेच सर्वांत भरवशाचे समजले जाते. ते फुकट मिळते.

आधी चार गोष्टी तपासा

पहिली, आपला फोन यादीत आहे का? लिनिएजओएसच्या संकेतस्थळावर प्रत्येक फोनचे पान आणि त्याचे सांकेतिक नाव असते. बाहेरच्या नावावर जाऊ नका. उदाहरणार्थ, रेडमी नोट ४ या एकाच नावाचे दोन वेगळे फोन होते. भारतात आलेला स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा, सांकेतिक नाव ‘मिडो’. चीनमध्ये आधी निघालेला मीडियाटेकचा, नाव ‘निकेल’. एकाची फाईल दुसऱ्यात गेली तर फोन सुरूच होणार नाही. या मंडळींच्या भाषेत त्याची ‘वीट’ होते.

दुसरी, कुलूप उघडते का? फोन सुरू होताना सर्वांत आधी जागा होणारा भाग म्हणजे बूटलोडर. तो कुलूपबंद असतो आणि कंपनीने परवानगी दिली तरच उघडतो. गूगलच्या पिक्सेलमध्ये सहसा सहज उघडतो. शाओमीच्या फोनला आधी खाते जोडून काही दिवस वाट पाहावी लागते. हुआवेने २०१८ मध्ये कुलूप उघडण्याचे क्रमांक देणेच बंद केले. सॅमसंगच्या फोनमध्ये नॉक्स नावाची खूण कायमची बदलते आणि सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी जातात. त्या पुन्हा कधी मिळत नाहीत.

तिसरी, या फोनवरून पैशाचे व्यवहार होतात का? कुलूप उघडलेला फोन बँकेची आणि यूपीआयची अनेक अ‍ॅप ओळखतात आणि चालायला नकार देतात. यावर पळवाटा सांगणारे पुष्कळ भेटतील. घरच्या पैशाच्या फोनवर असले प्रयोग नकोत. घरात एकच स्मार्टफोन असेल तर हा उद्योग करूच नका.

चौथी, बॅटरी कशी आहे? पाठ फुगलेली असेल तर प्रणाली बदलून उपयोग नाही. बॅटरी आधी बदला, किंवा फोन बाजूला ठेवा.

बॅकअप म्हणजे काय काय?

बूटलोडरचे कुलूप उघडताच फोन आतले सगळे पुसतो. हा बिघाड नव्हे. चोराच्या हाती मजकूर लागू नये म्हणून मुद्दाम केलेली ती सोय आहे. म्हणून त्याआधी फोन ज्याचा आहे त्याला शेजारी बसवा आणि एकेक विचारत जा: फोटो, व्हिडिओ, आवाजाची रेकॉर्डिंग, व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश, एसएमएस, नंबर, टिपणे, डाउनलोड केलेली कागदपत्रे. नंतर फोन संगणकाला जोडून आतली फोल्डर जशीच्या तशी उतरवून घ्या आणि संगणकावर दोन-चार फायली उघडून पाहा. ‘कॉपी झाली’ हे वाचून थांबू नका. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप त्याच्या सेटिंगमधून वेगळा घ्या. *#०६# दाबून येणारा आयएमईआय क्रमांकही वहीत लिहून ठेवा.

प्रत्यक्ष काम

क्रम समजावा म्हणून थोडक्यात सांगतो. नेमक्या सूचना आपल्या फोनच्या पानावरूनच घ्याव्यात. बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली हवी आणि केबल चांगली हवी. सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा बोट टेकवले की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे ‘ओईएम अनलॉकिंग’ आणि ‘यूएसबी डीबगिंग’ चालू करायचे. मग संगणकावरून, कंपनीच्या पद्धतीने, कुलूप उघडायचे. सगळे पुसले जाते ते याच वेळी. त्यानंतर रिकव्हरी नावाचा छोटा कार्यक्रम फोनमध्ये टाकायचा, त्यातून जुनी प्रणाली पुसायची आणि नवीची फाईल चढवायची. लिनिएजओएसमध्ये गूगलची अ‍ॅप नसतात. प्ले स्टोअर हवे असेल तर त्याची वेगळी फाईल पहिल्यांदा फोन सुरू करण्याआधीच टाकावी लागते. पहिल्या वेळी फोन सुरू व्हायला बराच वेळ घेतो. घाबरून मध्येच बंद करू नये.

एक इशारा. काम झाले म्हणून कुलूप पुन्हा लावायला जाऊ नका. बहुतेक फोनवर कस्टम रॉम असताना कुलूप लावले की फोन सुरूच होत नाही.

हाती काय येते?

कंपनीने लादलेली अ‍ॅप आणि जाहिराती जातात, वेग वाढतो, सुरक्षेच्या दुरुस्त्या पुन्हा मिळू लागतात. मात्र प्रोसेसर आणि नेटवर्कच्या चिपचा कंपनीने दिलेला भाग जुनाच राहतो. त्यातल्या उणिवा स्वयंसेवकांना बुजवता येत नाहीत. म्हणून असा फोन मुलांच्या अभ्यासाला, दादीअम्मांना तिलावत ऐकायला किंवा स्वयंपाकघरात पाककृती पाहायला चांगला. घरचा मुख्य फोन म्हणून नको. आणि पुढचा फोन घेताना कॅमेऱ्याबरोबर अपडेट किती वर्षे मिळणार हेही विचारा. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचे वचन दिले आहे. स्वस्त फोनना यापेक्षा बरेच कमी मिळते.

आपाच्या अकरा रेकॉर्डिंगपैकी दोन परत मिळाली. कुवेतमधल्या धाकट्या बहिणीला आपाने ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती आणि तिने पुसली नव्हती. एकात अब्बा विहिरीजवळच्या कलमाबद्दल सांगतात. दुसऱ्यात ते फक्त म्हणतात, “बंद कर गं ते, चहा आण आधी.” भाच्याने दोन्ही तीन ठिकाणी ठेवली आहेत. आता कोणी त्याच्याकडे फोन घेऊन आले, तर केबल काढण्याआधी तो त्यांना समोर बसवतो आणि विचारतो, “यात काय काय आहे?”

आपल्या घरात एखादा जुना फोन कपाटात पडला असेल. त्यात नवी प्रणाली टाका अथवा टाकू नका, पण या रविवारी तो चार्ज करून आत काय आहे ते एकदा ऐका आणि उतरवून घ्या.