रस्ता रुंद झाला, तरी

खानदेशातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग धुळे, पारोळा, एरंडोल ही गावे मागे टाकीत जळगावास येतो. पूर्वी त्याचा क्रमांक ६ असे. २०१० साली तो ५३ झाला. मार्ग रुंद व्हावा, असे बहुतेकांस वाटे. परंतु जळगाव शहरात त्यावरून अवजड मालमोटारी व सायकलींवरील विद्यार्थी एकमेकांशेजारून जात, आणि कित्येक माणसे प्राणांस मुकली. म्हणून नागरिकांनी दोन्ही अंगांस समांतर रस्ते मागितले. ही मागणी सर्वथा रास्त होय. दूर जाणाऱ्यास वेग हवा असतो, शाळेस निघालेल्या मुलास केवळ पलीकडे पोचावयाचे असते.

राज्यमार्गांची डागडुजीही तितकीच निकडीची आहे. जिल्ह्यातील केळी शेतांतून आधी अशाच लहान रस्त्यांनी निघतात. तेथील खड्ड्यांत घड आपटून डागाळले, तर पुढचा चौपदरी मार्ग शेतकऱ्यास काय कामाचा?