यंत्राला आपले गुडघे माहीत आहेत का?



मागच्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे कोलंबसला आली होती. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं, की ती दुपारी वरच्या खोलीत न जाता सोफ्यावरच आडवी होते. कारण जिना. पुण्याहून आणलेल्या एक्स-रेच्या रिपोर्टवर मात्र "सौम्य झीज" एवढंच लिहिलेलं. "एवढं सौम्य आहे, तर मग एवढं दुखतं कसं गं?" तिनंच मला विचारलं.

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून वाचायला लागले.

गुडघ्याच्या एक्स-रेला ० ते ४ श्रेणी देण्याची केलग्रेन-लॉरेन्स पद्धत १९५७ सालची, इंग्लंडमधली. आजही औषधाच्या ट्रायलमध्ये कोणाला घ्यायचं हे बऱ्याचदा त्यावरच ठरतं. श्रेणी २ किंवा ३ असेल तर आत, नाहीतर बाहेर. पण झीज हळू वाढते. दोन वर्षांच्या ट्रायलमध्ये बऱ्याच जणांचा गुडघा होता तसाच राहतो. मग औषधाने फरक पडला की नाही, हे कळणार कसं? झीज थांबवणारं एकही औषध एफडीएने अजून मंजूर केलेलं नाही, त्यामागे ही एक मोठी अडचण आहे.

म्हणून आता मशीन लर्निंग आलंय. एक्स-रे, वय, वजन, दुखण्याबद्दलची उत्तरं, सगळं बघून यंत्र सांगतं की कोणाचा गुडघा लवकर बिघडेल. त्यांनाच ट्रायलमध्ये घ्यायचं. युरोपातल्या 'अप्रोच' प्रकल्पाने याच पद्धतीने निवड करून २९७ रुग्ण घेतले.

कल्पना चांगली आहे, माझा विरोध नाही. पण यंत्र शिकतं कोणावरून?

अमेरिकेतला या विषयाचा सर्वात मोठा खजिना म्हणजे ऑस्टिओआर्थरायटिस इनिशिएटिव्ह. ४५ ते ७९ वयाचे ४,७९६ लोक. बाल्टिमोर, पिट्सबर्ग, ऱ्होड आयलंडमधलं पॉटकेट, आणि चौथं केंद्र चक्क आमचं कोलंबस! भरती २००४ ते २००६ मध्ये झाली. त्यात बहुसंख्य गोरे, त्याखालोखाल कृष्णवर्णीय, आणि आशियाई अगदी नावापुरते.

याने काय बिघडतं? २०२१ मध्ये एमा पियर्सन, झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी 'नेचर मेडिसिन'मध्ये याच एक्स-रेंवरचा अभ्यास छापला. कृष्णवर्णीय रुग्णांना इतरांपेक्षा जास्त दुखतं. त्यातला जेमतेम ९ टक्के फरक जुन्या श्रेणीने उलगडत होता. त्यांनी यंत्राला डॉक्टरची श्रेणी शिकवलीच नाही, रुग्णाने सांगितलेलं दुखणं शिकवलं. तेव्हा त्याच एक्स-रेंतून ४३ टक्के फरक उलगडला. म्हणजे दुखणं मनाचं नव्हतं, गुडघ्यातच होतं. बघणाऱ्याला दिसत नव्हतं. आणि हे जमलं, कारण शिकवताना वेगवेगळ्या लोकांचे गुडघे समोर होते.

आपलं काय? मांडी घालून जेवणारे, उकिडवे बसून काम केलेले गुडघे. बीजिंगमधल्या वयस्क स्त्रियांत गुडघ्याची झीज अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या स्त्रियांपेक्षा जास्त आढळली होती, आणि उकिडवं बसण्याशी तिचा संबंधही दिसला होता. सगळ्यांचे गुडघे सारखे नसतात. आपले गुडघे यंत्राने पाहिलेच नसतील, तर ते आपल्याला निवडेल की वगळेल, हे कशाच्या भरवशावर म्हणायचं?

माझं मत स्पष्ट आहे. यंत्राला नावं ठेवण्यापेक्षा आपण त्याच्यासमोर यायला हवं. सहा महिन्यांसाठी आलेल्या आईला दोन वर्षांच्या ट्रायलमध्ये जाता येणार नाही. पण ४५ ते ७९ हे वय बघा, मंडळी. त्यात आता आपणच आहोत! "आपण कशाला गिनिपिग व्हायचं" म्हणून आपण मागे राहतो, आणि मग औषध आपल्याला लागू पडेल की नाही हे कोणालाच माहीत नसतं. सरकारच्या क्लिनिकल-ट्रायल्स-डॉट-गव्ह या साइटवर गावाचं नाव टाकून शोधा. डोळे झाकून सही मात्र नको. आधी विचारा: निवड कशी करता? यंत्राला कोणाच्या माहितीवर शिकवलंय? माझा डेटा पुढे कोण वापरणार?

आणि एक. आपलीच मुलं कॉलेजात ही मॉडेल्स बनवायला शिकतायत. अचूकता किती आली हे ती कौतुकाने सांगतात. त्यांना एवढंच विचारा, "बाळा, यात आजीचा गुडघा आहे का?"